उंचीचं भाडं

मे महिन्यातला शनिवार. खोली साधीच. एक डबल बेड, भिंतीला ठोकलेला आरसा, न्हाणीत गिझर आणि प्लॅस्टिकची बादली. टीव्ही आहे, पण रिमोट खाली काउंटरवर जाऊन मागायचा. अशी खोली वाईत कृष्णेच्या घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळते. पसरणीचा घाट चढून पाचगणीत आलात की तीच खोली, तोच आरसा, तीच बादली. भाडं मात्र चढलेलं. तिथून पुढे वेण्णा तलाव मागे टाकून महाबळेश्वरच्या बाजारपेठेत शिरलात की वाईच्या कितीतरी पट मोजायची तयारी ठेवायची. आणि तेवढे मोजायला तयार असलात तरी काउंटरवरचा माणूस मान वर न करताच सांगतो, ‘फुल्ल आहे हो.’ वाई ते महाबळेश्वर रस्ता जेमतेम ३२ किलोमीटरचा. गादी तीच, चादर तीच, तर मग या ३२ किलोमीटरमध्ये आपण विकत काय घेतो?

पहिलं उत्तर सोपं आहे: उंची. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर वसलेली. पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास आणि महाबळेश्वर १,३५० च्याही पुढे. साडेसहाशे मीटर म्हणजे काही हिमालय नव्हे. पण हवेला तेवढे पुरतात. कसे ते पाहण्यासारखं आहे, कारण ‘वर थंड असतं’ हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हणतो की त्यातलं कोडं दिसेनासं होतं. वर गेलं की आपण सूर्याच्या जवळ जातो, हवा आणखी स्वच्छ होते, ऊन आणखी करकरीत लागतं. मग तापायला हवं, गार कसं होतं?

सायकलच्या चाकाचा व्हॉल्व्ह दाबून बघा. सुटणारी हवा बोटाला गार लागते. चाकात ती दाबून कोंबलेली होती. बाहेर पडताच ती फुगते, फुगण्यासाठी लागणारी ताकद स्वतःजवळच्या उष्णतेतून खर्च करते आणि निवते. घाटात हेच चालू असतं. वाईच्या खोऱ्यात जमिनीला लागून तापलेली हवा वर चढू लागते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते, आणि पसरता पसरता थंड होत जाते. हवा कोरडी असेल तर दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश, ओलसर असेल तर त्याहून कमी. वातावरणाची सरासरी काढली तर हजार मीटरला साडेसहा अंश. म्हणजे वाईत घामानं सदरा पाठीला चिकटलेला असतो तेव्हा महाबळेश्वरला पारा चार ते सहा अंशांनी खाली असतो. भर मे महिन्यातही तिथलं दुपारचं तापमान सहसा तिशीच्या आसपास घुटमळतं. या चार-सहा अंशांसाठी मुंबई-पुण्याची माणसं दोनशे वर्षं डोंगर चढत आली आहेत.

तापमानापेक्षाही थक्क करणारी गोष्ट पावसाची. महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत तो एक तृतीयांशावर येतो. आणखी बारा-तेरा किलोमीटर खाली, वाईत, जेमतेम सात-आठशे मिलिमीटर. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला धडकतात, वर ढकलले जातात, निवतात आणि पहिल्याच माथ्यावर रिते होतात. मागच्या गावांना उरलंसुरलं. जुलै २०२१ मध्ये एका दिवसात महाबळेश्वरला जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. वाईत अख्ख्या वर्षात पडतो त्यापेक्षा फारसा कमी नाही. आंबेनळी घाटाचा रस्ता त्या दिवसांत जागोजागी तुटला आणि महाबळेश्वरचा पोलादपूरकडचा दरवाजा बंद पडला.

खोलीच्या भाड्याशी या पावसाचा काय संबंध? फार जवळचा. इथला सीझन पावसानंच कापून आखूड केलेला आहे.

१८२४ मध्ये जनरल पीटर लॉडविक हा इंग्रज अधिकारी इथल्या कड्यावर चढून आला. त्याच्या नावाचा पॉइंट अजून आहे. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं इथे आजारी सैनिक-साहेबांसाठी आरोग्यधाम काढायचं ठरवलं. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून १८२९ मध्ये ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. बाजाराला माल्कमपेठ नाव पडलं. मग मुंबई इलाख्याच्या सरकारचा शिरस्ताच बसला: उन्हाळ्यात गव्हर्नर महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला. साहेब आला की त्याचे कारकून आले, शिपाई आले, घोडे आले, त्यांना दूध-भाजी पुरवणारे आले. जूनचे ढग दिसले की सगळे खाली. मागे राहिलेली घरं पावसात कुजू नयेत म्हणून भिंतींना गवताची आवरणं बांधून ठेवत. आता गवताच्या जागी प्लॅस्टिकचे कागद आले.

म्हणजे एप्रिल-मेचा सीझन मुलांच्या परीक्षांनी ठरवला असं आपल्याला वाटतं, पण तो शाळांच्या आधीपासून आहे. मुळात ते सरकारी दप्तर डोंगरावर न्यायचं वेळापत्रक होतं. साहेब गेला, वेळापत्रक राहिलं, आणि त्यावर वार्षिक परीक्षा, कोर्टाची उन्हाळी सुट्टी, लग्नाचे मुहूर्त असं एकेक येऊन बसलं. पाचगणीची गोष्टही पावसातूनच निघते. महाबळेश्वरला चार महिने राहता येत नाही, मग बारमाही राहण्याजोगी थंड जागा कुठली, हे शोधत १८६० च्या दशकात जॉन चेसन हा इंग्रज तिथे स्थिरावला. बारमाही वस्ती झाली म्हणून पुढे निवासी शाळा निघाल्या. एक डोंगर पाहुण्यांचा झाला, शेजारचा शाळकरी पोरांचा, आणि दोहोंत फरक फक्त ढगांनी पाडला.

आता खोल्यांकडे वळू. माणसं वाढली तर हॉटेलं वाढवावीत, हा साधा हिशेब महाबळेश्वरला लागू पडत नाही. गाव पठाराच्या टोकाशी आहे. तिन्ही बाजूंनी कडे, कड्यांवर जंगल. शिवाय २००१ मध्ये केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेव्हापासून जंगल, डोंगरउतार आणि नवं बांधकाम यांवर निर्बंध आहेत. ते नेहमी पाळले जातात असं मी म्हणणार नाही. अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचतोच. पण एकूण चित्र असं की तेरा-चौदा हजार वस्तीच्या गावात, ठरावीक खोल्यांत, वर्षातल्या पंचवीस-तीस रात्री सगळ्यांनाच राहायचं असतं. मेमधले शनिवार-रविवार, दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ ते एकतीस डिसेंबर. बाकीचे दिवस त्याच खोल्यांत उंदीर खेळतात म्हटलं तरी चालेल.

या रात्रींची किंमत लावायची कशी? इथे एका विमान कंपनीतल्या गणिताचा धागा महाबळेश्वरच्या एसटी स्टँडापर्यंत येतो, आणि मला तो फार आवडतो. केन लिटलवुड नावाचा माणूस ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीत काम करायचा. १९७२ मध्ये त्यानं एक छोटासा नियम मांडला. प्रश्न असा: विमानातली जागा आज स्वस्तात मागणारा गिऱ्हाईक समोर उभा आहे. त्याला द्यावी, की ऐनवेळी महाग तिकीट घेणाऱ्यासाठी राखून ठेवावी? विमान उडालं की रिकामी जागा मातीमोल. हॉटेलच्या खोलीचंही तसंच. आजची रात्र उद्या विकता येत नाही.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. तीन आठवडे आधी एक कुटुंब फोन करतं, तीन हजारांत खोली मागतं. ऐनवेळी आलेला माणूस आठ हजार देईल. लिटलवुड सांगतो, तीनाला आठानं भागा: साडेसदतीस टक्के. आठ हजारवाला येण्याची शक्यता याहून जास्त वाटत असेल तर खोली राखा, कमी वाटत असेल तर देऊन मोकळे व्हा. एवढंच. पण यातून निघणारी गंमत बघा. हॉटेलात वीस खोल्या आहेत, सगळ्या अगदी एकसारख्या. त्यातली पहिली ऐनवेळी जाईल याची मालकाला शंभर टक्के खात्री. दहावी? बहुधा जाईल. विसावी? ऐनवेळी एकाच दिवशी वीस आठ-हजारवाले येतील असं काही सांगता येत नाही. म्हणजे त्याच मापाच्या, त्याच रंगाच्या खोल्या मालकाच्या मनात वेगवेगळ्या किमतीच्या असतात. लवकर फोन करणाऱ्याला स्वस्तात मिळते ती ही मनातली विसावी खोली. ती गेली की दर एक पायरी चढतो, एकोणिसावी गेली की आणखी एक. आज मोबाइलवर सकाळी दिसलेला दर संध्याकाळी बदललेला दिसतो, त्यामागे हेच गणित, फक्त संगणकानं केलेलं.

हेच गणित कॅल्क्युलेटरशिवाय करणारी माणसं महाबळेश्वरच्या स्टँडावर भेटतात. एसटी थांबते न थांबते तोच खिडकीशी आवाज येतो, ‘रूम बघायची का साहेब? बघून तर घ्या, पसंत पडली तर थांबा.’ हाक मारणाऱ्या एजंटाची नजर आधी सामानावर जाते. दोन बॅगा आणि पेंगुळलेलं पोर म्हणजे गिऱ्हाईक फार हिंडणार नाही. पाठीवर सॅक अडकवलेली कॉलेजची पोरं म्हणजे घासाघीस. मागच्या गल्लीतल्या लॉजवर तो घेऊन जातो, आणि तिथे साधारण असं बोलणं होतं:

‘काका, जरा कमी करा की. सकाळी नऊला खोली सोडतो आम्ही.’

‘ताई, शनिवार आहे आज. नाहीतर असं करा, बाजारात फिरून या. साडेनऊला खोली शिल्लक असली तर तुमच्या भावात देतो.’

काकांनी लिटलवुडचं नाव ऐकलेलं नसतं. पण साडेनऊनंतर पुण्याहून येणारी गाडी येत नाही, आलीच तर तिच्यातल्या माणसांनी आधीच बुकिंग केलेलं असतं, हे त्यांना ठाऊक असतं. शक्यता शून्याकडे झुकली की भाव पडतो. गंमत अशी की हा साडेनऊचा डाव आडवारी जिंकता येतो आणि मेच्या शनिवारी हमखास हरतो. त्या रात्री दहा वाजताही गाड्या येतच असतात, आणि माणसं गाडीतच झोपलेली मी पाहिली आहेत. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर हा जुगार खेळूच नये.

काकांकडे गिऱ्हाईक आणणारा स्टँडावरचा एजंट एका खोलीमागे कमिशन घेतो. मोबाइलवरची ॲपंही घेतात, साधारण पंधरा ते पंचवीस टक्के. म्हणून ॲपवर हॉटेल शोधायचं, आणि मग त्याच हॉटेलला थेट फोन करून ‘दर काय आहे हो?’ असं विचारायचं. पुष्कळदा काहीशे रुपये तिथल्या तिथे सुटतात. न सुटले तर निदान गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत असतं हे तरी कळतं, आणि डोंगरावर ते फार महत्त्वाचं.

भाड्यात एक कडाही दडलेला आहे. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, आणि त्याच्यावर एक रुपया गेला की अठरा टक्के, तोही पूर्ण रकमेवर. करून बघा. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते. ७,६०० ची खोली ८,९६८ ला. मूळ भाड्यात फरक शंभराचा, खिशातून जातात एक हजार त्र्याण्णव जास्त. सीझनमध्ये मधल्या दर्जाची हॉटेलं नेमकी याच कड्याजवळ घोटाळत असतात. तेव्हा शंभर-दोनशेची घासाघीस एरवी हास्यास्पद वाटली तरी इथे ती हजार वाचवू शकते. ‘तेवढी साडेसातला बसवा’ हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं. आणखी एक विचारून घ्यायचं: भाडं खोलीचं की माणशी? मेमध्ये बरीच हॉटेलं नाश्ता-जेवणासकट माणशी दर लावतात, दोन रात्रींची अट घालतात, जास्तीच्या गादीचे वेगळे घेतात. खोली स्वस्त दिसते आणि बिल चार डोक्यांनी गुणलं जातं.

आता मूळ कोड्याकडे. उंचीचं भाडं आपण मोजतो ते नेमके कुठल्या तासांचं? खोलीत माणूस असतो रात्री नऊ ते सकाळी सात. उरलेला दिवस तो आर्थर सीटवर, केट्स पॉइंटवर, वेण्णा तलावाच्या काठी मक्याचं कणीस खात असतो. दिवसाची ती थंड हवा कुणी विकत नाही. प्रवासी कर भरला की गारवा सगळ्यांना सारखा, मग रात्री तुम्ही कुठेही झोपा. आपण चढं भाडं देतो ते डोळे मिटून, पांघरूण ओढून घालवायच्या तासांचं.

आणि रात्री उंचीचा फायदा तितकासा उरतही नाही! दिवसाचा नियम रात्री बऱ्याचदा उलटा होतो. स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला टेकलेली हवा निवते, जड होते आणि उतारानं खोलगट भागाकडे घरंगळते. थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात, लिंगमळ्याकडे पानांवर दव गोठून हिमकण झाल्याचे फोटो दर वर्षी वर्तमानपत्रात येतात. तलाव गावाच्या खालच्या अंगाला आहे. बर्फ धरतो तो खालच्या भागात, माथ्यावरचा विल्सन पॉइंट सुमारे १,४३५ मीटरवर असून मागे राहतो! वाईचं खोरंही थंडीच्या रात्री असंच गारठतं. म्हणून नाताळच्या आठवड्यात खाली झोपलात तर थंडीपुरतं तरी काही गमावत नाही. मेची गोष्ट वेगळी, तेव्हा वाईची रात्र महाबळेश्वरहून नक्की उबदार. पण मुंबईसारखी चिकट नाही. सहसा पंख्यावर भागतं.

हे एकदा ध्यानात आलं की राहायच्या जागांचा नकाशाच वेगळा दिसू लागतो. बाजारपेठेच्या बाहेर पाच-सहा किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर आहे, पंचगंगेचं देऊळ तिथलं. उंची तीच, गर्दी संध्याकाळी ओसरते, घरगुती राहण्याची सोय मिळते. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून थोडं आत भिलार. स्ट्रॉबेरीचं गाव, आणि ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. सुरुवातीलाच पंचवीस ठिकाणी, त्यांतली बरीच लोकांच्या राहत्या घरांत, मराठी पुस्तकं मांडली गेली. कुणाच्या ओसरीवर कथा-कादंबऱ्या, कुणाच्या माडीवर चरित्रं. मुक्कामाला खोली देणारी घरंही तिथे आहेत. रात्री पिठलं-भाकरी आणि उशाशी पुस्तक, अशी सोय तारांकित हॉटेलात पैसे टाकूनही होत नाही. तापोळ्याकडे उतरलात तर शिवसागर जलाशयाच्या काठी कृषी पर्यटनाची ठिकाणं मिळतात. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, रस्ता वळणांचा, परतीला अंधार करू नये. मेढ्याकडून केळघर घाटानं वर येणारा रस्ता तुलनेनं कमी गजबजलेला; मेढा छोटं आहे, निवड फारशी नाही, पण वाईत जागा नसेल तेव्हा उपयोगी पडतं. पोलादपूर मात्र टाळावं. ते कोकणात, घाटाच्या पार तळाशी. मेमध्ये तिथे झोपायचं तर मुंबईच काय वाईट?

माझं मत विचाराल तर वाई. महाबळेश्वर परवडलं नाही म्हणून नाइलाजानं राहायचं गाव ते नव्हे. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, कृष्णेचे दगडी घाट, आणि मराठी विश्वकोशाचं काम जिथून चाललं ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं गाव. तीन-चार किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. त्याच्या मागच्या घाटावर छोट्याशा देवळीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे; चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. ‘स्वदेस’ सिनेमातलं गाव उभं राहिलं ते याच मेणवलीत. त्यातूनच वाईतल्या खोल्यांचा एक खास धोका निघतो. सिनेमाचं युनिट उतरलं असेल तर चांगल्या लॉजच्या खोल्या एकगठ्ठा गेलेल्या असतात, मग सीझन असो वा नसो. फोनवर ‘शूटिंगवाले आहेत का?’ असं सरळ विचारावं. कुणी हसत नाही.

वाईला राहून वर जायचं तर घड्याळ सांभाळावं लागतं. मेच्या शनिवारी सकाळी दहा वाजता पसरणी घाटात आणि पुढे वेण्णा तलावापाशी गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात भाड्यात वाचवलेले सगळे पैसे वेळेच्या रूपानं जातात. सहाला निघा. सातच्या सुमारास वर, ऊन चढायच्या आत दोन-तीन पॉइंट, दुपारचं जेवण बाजारात, आणि सनसेट पॉइंटची गर्दी वर चढत असताना आपण खाली. सूर्यास्त वर बघायचाच असेल तर परतीला घाटात तासभर जास्तीचा धरा.

गाडी नसेल तर एसटी आहे, आणि तिचा हिशेब अलीकडे फारच फिरला आहे. मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या प्रकारच्या एसटी बसमध्ये निम्मं तिकीट. शिवाय पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, पासष्ट ते पंचाहत्तर निम्मं. आजी, आई, मावशी आणि दोन मुली असा गोतावळा वाईहून रोज वर जाऊन आला तरी एका जीपच्या डिझेलला जेवढे लागतील त्यापेक्षा कमीत भागण्याची शक्यता आहे. आजी तर हट्टानं दुसऱ्या दिवशीही निघतील.

आठवड्याचा वारही उंचीइतकाच बोलतो. रविवारी दुपारी तीननंतर महाबळेश्वर रिकामं होऊ लागतं. शनिवारी ‘फुल्ल’ म्हणणारं हॉटेल रविवारी रात्री स्वतःहून फोन उचलतं. तीच खोली, तोच मे महिना, तेच चार-सहा अंश. चोवीस तासांत भाव उतरलेला. सोमवार ते बुधवार रजा मिळत असेल तर मेमध्येही बाजारपेठेतली खोली परवडू शकते, आणि मग वाईची धावपळ करायचं कारण नाही. आठवीतल्या मुलांच्या आईवडलांनी शनिवारच का धरावा, हे मला कधी कळलेलं नाही; मुलांना तर अख्खा महिना सुट्टी असते.

फोनवर बोलणी झाली की आगाऊ रक्कम मागतात, ते रास्तच आहे. पण सीझनमध्ये खोट्या नावानं जाहिराती टाकून, दुसऱ्याच हॉटेलचे फोटो लावून पैसे उकळणारे बरेच. पूर्ण रक्कम आधी देऊ नये. जागा खरी आहे का हे बघायला व्हिडिओ कॉल करून खोलीच्या खिडकीतून बाहेरचा रस्ता दाखवायला सांगावं. खरा मालक कुरकुरत का होईना, दाखवतो. पैसे मागणाऱ्याचं नाव आणि खात्यावर उमटणारं नाव वेगळं दिसलं तर तिथेच थांबावं. एमटीडीसीचं निवासस्थान हवं असेल तर पर्यटन महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघावं, आणि मेचं बुकिंग होळीच्या आत उरकावं. नंतर चौकशी करणं म्हणजे निव्वळ गप्पा.

आणि सप्टेंबर आला की ही सगळी उतरंड उलटी फिरते. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर कास पठारावर तेरड्याचे, सीतेच्या आसवांचे गालिचे पसरतात. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेल्यापासून तिथली गर्दी इतकी वाढली की आता ऑनलाइन नोंदणी करून, दिवसाला ठरावीक माणसांनाच आत सोडतात. त्या शनिवार-रविवारी खोलीसाठी धावाधाव सुरू होते ती खाली, साताऱ्यात. वर महाबळेश्वरला पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, दिवाळीचा सीझन लागायचा असतो, आणि मेमध्ये मान वर न करणारा काउंटरवरचा माणूस स्वतः विचारतो, ‘किती दिवस राहणार?’ तेव्हा मेढ्यात किंवा थेट महाबळेश्वरला मुक्काम करायचा आणि पहाटे कास गाठायचं. धुकं दाट असतं, गाडीचे दिवे आणि वायपर नीट चालतात की नाही ते आदल्या रात्रीच तपासून ठेवा.